बारा हाताचे भाले

माझा विषय युरोपातला लांब भाला. हसू नका. निपाणीत तंबाखूच्या वासात वाढलेल्या आणि बेळगावात इतिहास शिकवून पोट भरलेल्या माणसाला हा विषय कुठून सुचला, असं तोंडावर विचारणारे पुष्कळ भेटले, पाठीमागं विचारणारे त्याहून जास्त. इंग्रजीत त्या भाल्याला पाईक म्हणतात. आपल्या पाइकाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, उगाच ओढूनताणून जोडू नका. एका विद्यार्थ्यानं ते जोडून उत्तरपत्रिकेत दीड पान भरलं होतं. मी त्याला भोपळा दिला.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला बेळगावच्या एका कॉलेजात नोकरी लागली. आमच्या वस्तीतला पहिला प्राध्यापक मी. वस्ती म्हणजे निपाणीच्या कडेची बौद्धांची वस्ती. एक विहार, एक हौद, तंबाखूच्या वखारीत हमाली करणारे बाप्ये आणि दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. माझी आईही विड्याच वळायची. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. नोकरीची बातमी आली त्या दिवशी आईनं सगळ्या गल्लीला गूळ वाटला आणि मग आत जाऊन रडली.

बेळगावात खोली शोधताना पहिल्या तीन घरमालकांनी आडनाव विचारलं आणि तिघांनाही एकदम आठवलं की त्यांचा भाचा गावाकडनं राहायला येणार आहे. इतके भाचे एका शहरात! चौथी एक कानडी म्हातारी, कॅम्पाकडची. तिनं आडनाव विचारलं नाही. जिन्यात पाणी सांडायचं नाही, एवढंच बजावलं. तिच्या माडीवरच्या खोलीत मी पुढची कितीतरी वर्षं काढली. सकाळी कॉलेज, दुपारी खानावळ, संध्याकाळी खोली. स्टाफरूममध्ये कोणी वाईट वागत नव्हतं, खोटं कशाला बोलू. सगळे 'या सर, बसा सर' म्हणायचे. पण मी बसलो की चाललेल्या गप्पा हवापाण्यावर यायच्या. निपाणीला जाणं झालं नाही त्या रविवारी तर तोंडातून शब्द बाहेर पडायचा नाही. सोमवारी पहिल्या तासाला माझा आवाज घोगरा यायचा, इतका तो न वापरलेला असायचा.

त्याच काळात कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडं मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. युरोपातल्या लढायांचं, चित्रांसकट. कुणा गोऱ्या साहेबानं जाताना टाकून दिलेलं असणार. त्यातलं एक चित्र मी किती वेळ बघत बसलो काय सांगू! साधी माणसं, डोक्याला चिंध्या गुंडाळलेली, काहींच्या पायात जोडेही नाहीत. पण एकाच्या खांद्याला दुसऱ्याचा खांदा लागलेला, आणि त्या गर्दीतून भाल्यांचं रान पुढं आलेलं. समोर पोलादानं मढवलेले सरदार घोड्यांवर, आणि घोडी मागं फिरलेली.

ते स्विस होते. डोंगरातले शेतकरी आणि गुराखी. त्या काळी युरोपात घोड्यावरचा सरदार म्हणजे सगळं काही. त्याचं चिलखत, त्याचं घोडं, त्याच्या मागचे नोकर, सगळा खर्च गावांच्या बोकांडी. पायी लढणारा म्हणजे तुडवून टाकायचा माणूस. स्विसांनी आधी कुऱ्हाडीचं पातं लावलेले आखूड दांडे वापरले, पण मोकळ्या मैदानात ते पुरे पडेनात. मग त्यांनी दांडा लांब केला. सोळा फूट, अठरा फूट. आपल्या मापानं बारा हात. बारा हाताचा भाला म्हणजे एकट्या माणसाच्या हातात अडगळच. फिरवता येत नाही, पेलवत नाही, शत्रू टोक चुकवून आत आला की खेळ खलास. पण शंभरजण दाटीनं उभे राहिले आणि पुढच्या चार रांगांनी भाले आडवे धरले, की पहिल्या माणसाच्या पुढं चार टोकं येतात. घोडं शहाणं असतं. वरचा सरदार कितीही टाच मारू दे, ते काट्याच्या कुंपणात शिरत नाही.

हे वाचलं आणि मी खुळावलो. गरीब माणूस, पायी चालणारा माणूस, निव्वळ शेजारच्याच्या जोरावर घोड्यापुढं उभा राहिला! मला राजे नकोत, तह नकोत. मला ती दाटी पाहिजे होती. माझ्या खोलीत दाटी म्हटली तर फक्त पुस्तकांची.

वर्गात आधुनिक युरोप शिकवताना अभ्यासक्रमात या भाल्याला एक ओळ होती. मी तीन तास घेतले. जर्मनांनी स्विसांची नक्कल कशी केली, दोन्हीकडचे भालेवाले समोरासमोर आले की काय चेंगराचेंगरी व्हायची, स्पॅनिश लोक आखूड तलवारी घेऊन भाल्यांच्या खालून कसे शिरायचे, पुढं बंदुकवाले आले ते या भाल्यांच्याच आडोशाला कसे उभे राहिले, आणि शेवटी बंदुकीच्या तोंडाला संगीन बसली तेव्हा तीनशे वर्षांचा भाला कसा माळ्यावर गेला. घसा कोरडा करून सांगितलं. शेवटी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, हे परीक्षेला येतं काय?" मी म्हटलं, नाही. सगळ्या वर्गानं एकदम वह्या मिटल्या.

तेव्हा ऐकणारा एकच माणूस होता, निपाणीतला. माझा लहानपणचा दोस्त. आम्ही एका पाटीवर लिहिलं, एका हौदात डुंबलो, आणि जयंतीच्या मिरवणुकीत लेझमाच्या एकाच रांगेत शेजारी शेजारी नाचलो. मी शिकत गेलो, तो आठवीतनं वखारीत गेला. आता तो वस्तीच्या लेझीम पथकाचा म्होरक्या होता. शनिवारी मी लाल गाडीनं संकेश्वरावरनं निपाणीला यायचो, तेव्हा तो चहाच्या टपरीवर भेटायचा. पण नोकरी लागल्यापासनं त्याच्या बोलण्यात फरक पडला होता. मी आलो की तो बाकावरनं उठायचा. "बसा की सर." मी म्हणायचो, "सर काय रं? शेंबूड पुसलाय मी तुझा." तो हसायचा, आणि पुढच्या वाक्याला पुन्हा 'सर' यायचं. सगळी वस्तीच तसं करायला लागली होती. पोरं वाट सोडायची. बायका पदर सारखा करायच्या. घरात फक्त आई मला अरेतुरे करत होती.

लोकांना वाटतं मान मिळाला की माणूस खूश असतो. मला त्या मानाचा राग यायचा, सरळ सांगतो. बेळगावात मी परका होतो ते समजण्यासारखं होतं. इथं कशाला?

एका शनिवारी मी दोस्ताला त्या भाल्याचं सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "फुडच्यांचं कळलं. मागच्या रांगंतल्यानं काय करायचं?"

"रेटा द्यायचा. पुढचा पडला की त्याच्या जागी जायचं."

"आनि पळायचं मनात आलं तर?"

"पळणार कुठं? मागं पण आपलीच माणसं."

"लई भारी," तो म्हणाला, आणि चहाचा कप खाली ठेवून, "सर, लेझीम काय दर सालचीच हाय. यंदा जयंतीला ह्येच करूया की. वस्तीतली पोरं उभी करतो. बांबू आनूया."

मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "करूया. पण एक कबूल कर. रांगेत मला एक जागा पाहिजे. तुझ्या शेजारची."

"तुमास्नी?" तो बघतच राहिला. मग म्हणाला, "ठेवतो की."

त्या एका जागेसाठी मी पुढचे दोन महिने वेड्यासारखा राबलो. बुरूड गल्लीतनं बारा बारा हाताचे बांबू आणले, पेरांवरचे काटे तासून घेतले. सीमाभागातलं वातावरण तेव्हा तसंही तापलेलं असायचं, त्यात बांबूंनी भरलेली गाडी वस्तीत शिरलेली बघून एक हवालदार मागोमाग आला आणि कानडीत चौकशी करायला लागला. दोस्तानं कानडीतच त्याला सांगितलं की हे युरोपातलं आहे. हवालदारानं बांबूंकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि चहा पिऊन गेला.

सराव शनिवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या माळावर, वखार सुटल्यावर. पोरांच्या कपड्यांत तंबाखूची धूळ, त्यामुळं कोणीतरी शिंकायचा, आणि एक शिंकला की त्याचा बांबू हलायचा, तो शेजारच्याला लागायचा, मग अख्खी रांग डुलायची. शिव्या, हसणं, पुन्हा सुरुवात. स्विस लोक ढोलावर पाय टाकायचे, आम्ही हलगी लावली. मी तीनच हुकूम ठरवले होते, आधी शिटी, मग हुकूम. 'उभा' म्हटलं की भाला सरळ उभा. 'खांद्यावर' म्हटलं की चालायचं. आणि 'आडवा' म्हटलं की पुढच्या चार रांगांनी भाले खाली आणून समोर रोखायचे. पहिल्यांदा तो 'आडवा' जमला त्या संध्याकाळी मी समोर उभा होतो. बांबूंची टोकं एकदम माझ्या छातीच्या रोखानं आली आणि थांबली. मी दोन पावलं मागं सरलो, खरंच घाबरून. पोरांनी आरोळी ठोकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता थोडेच दिवस, मग मी त्या बाजूला असेन.

सरावात मात्र मला रांगेत शिरता यायचं नाही. हुकूम द्यायला कोणीतरी समोर पाहिजेच. म्हणून मी बेळगावात माडीच्या गच्चीवर एकटाच सराव करायचो. म्हातारीची कपडे वाळत घालायची काठी घ्यायची, उभी, खांद्यावर, आडवी. डाव्या खांद्याला दोस्त आहे असं समजून थोडं तिकडं झुकायचं. एकदा म्हातारी वर आली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "सर, माकडं आलती काय?" मी म्हटलं, "होय अज्जी, आता गेली."

जयंतीच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी निपाणीला पोचलो. विहारापुढं बांबू भिंतीला टेकवून ठेवले होते आणि एकेकाच्या टोकाला निळा झेंडा बांधलेला होता. बायकांनी गुपचूप ठरवून शिवले होते सगळे. आईनं मला हाताला धरून नेलं आणि त्यातला एक दाखवला. "ह्यो मी शिवला. नुसता बांबू घिऊन कोन मिरवनुकीत जातंय व्हय? बरं दिसंल काय?" लई सुंदर दिसत होते. वाऱ्यानं सगळे एका अंगाला उडत होते. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "झकास झालं गं." मनापासून म्हटलं.

ऊन कलायला लागल्यावर मिरवणूक निघाली. हलगी कडाडत होती. आमच्या रांगांचा चौकोन खांद्याला खांदा लावून चालला, वर निळं आभाळच चालल्यासारखं. चौकात आलो. दुतर्फा माणसं, माड्यांवर माणसं. ठरल्याप्रमाणं इथं मी 'आडवा' म्हणायचं, भाले रोखले गेले की शिटी कोणा पोराकडं द्यायची, आणि दोस्ताशेजारच्या मोकळ्या जागेत जाऊन आपला बांबू उचलायचा. ती जागा तिथं होती. मला दिसत होती.

मी ओरडलो, "आडवा!"

एक बांबू हलला नाही.

मला वाटलं हलगीत ऐकू गेलं नसेल. हलगी थांबवली. पुन्हा ओरडलो. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कपाळावरनं घाम ओघळतोय, पण बांबू सरळ उभे. शेवटी दोस्त पहिल्या रांगेतनं हळूच म्हणाला, "सर, झेंडा खाली कसा करायचा?"

आता बोला! दोन महिने घासलं, आणि सकाळपासनं ते झेंडे डोळ्यांनी बघत होतो, तरी हे डोक्यात आलं नाही. ना माझ्या, ना त्यांच्या. निळा झेंडा, आणि तो खाली आणून लोकांच्या पायांच्या रोखानं धरायचा? माझ्या हातात बांबू असता तर मीही धरला नसता. हात वळलाच नसता. स्विस लोकांना ही अडचण नव्हती. त्यांचे झेंडे वेगळे असायचे, थोडेच असायचे, आणि ते चौकोनाच्या ऐन मध्यभागी असायचे. आजूबाजूचे भाले खाली यायचे, मधले झेंडे कधीच नाही.

मी दोस्ताला म्हटलं, "राहू दे. उभेच राहू दे." लोकांना यातलं काय कळणार? त्यांना वाटलं हाच कार्यक्रम. टाळ्यांचा कडकडाट झाला, घोषणा झाल्या, माडीवरनं कोणीतरी गुलाल उधळला. निळा गुलाल. पोरं ताठ उभी होती, आणि खरं सांगतो, ते भाले कोणावर रोखून बघायची गरजच नव्हती, इतकी ती पोरं दांडगी दिसत होती. मला वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं झालं. हुकूमच द्यायचा नाही म्हटल्यावर समोर उभं राहायचं काय काम? मी शिटी खिशात टाकली आणि दोस्ताशेजारी जाऊन उभा राहिलो. आपला बांबू उचलला. माझा खांदा त्याच्या खांद्याला लागला. त्याचा सदरा घामानं चिंब होता.

तो वळला आणि एकदम हसला. "सर, हितं कुठं? चला चला." माझ्या हातातला बांबू त्यानं अलगद काढून घेतला. पोरांनी मधनं वाट केली. आत, चौकोनाच्या मध्यभागी, विहारातली लोखंडी घडीची खुर्ची मांडली होती. पाठीवर नवी निळी चादर घातलेली. कधी आणली, कोणी आणली, मला कळलंही नाही. दोस्तानं मला तिथवर नेलं, गळ्यात हार घातला, आणि म्हणाला, "तुमी आमचं लई मोठं मानूस. तुमास्नी उभं करायचं व्हय? वस्तीनं ठरवलंय ह्ये. तुमाला सांगायचं न्हाय म्हनून दम भरला हुता समद्यास्नी."

त्याचे डोळे भरले होते. नाही म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखं झालं असतं. मी बसलो.

एप्रिलचं ऊन दिवसभर खाल्लेली लोखंडी खुर्ची ती. चादर पाठीला होती, बुडाखाली नव्हती. चटका बसला तरी मला उठता येईना. दोस्त आपल्या जागी गेला. माझ्यासाठी ठेवलेल्या जागेत दुसरा एक जण सरकला. मग रांगा चारी दिशांना वळल्या आणि चौकोन माझ्याभोवती बंद झाला. चारी बाजूंनी माणसं, इतक्या जवळ की त्यांचा वास येत होता, तंबाखूचा आणि घामाचा. आणि सगळ्यांची तोंडं बाहेर. मला दिसत होत्या नुसत्या पाठी. दोस्ताचा खांद्यावर उसवलेला सदरा अगदी समोर होता. मी हाक मारली असती तर त्यानं वळून 'काय सर' म्हटलं असतं. म्हणून मारली नाही.

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते मला आतून दिसलं नाही.

संध्याकाळी घरी आलो. आई दारात बसून पायांना तेल चोळत होती, दुपारपासनं उभी होती ती चौकात. मला बघून तिचं तोंड उतरलं.

"तू कुठं हुतास रं? समद्यांची तोंडं दिसली, येकायेकाची. तुझंच तेवढं दिसलं न्हाय. लई शोधलं मी."

"मधी होतो गं."

"मधी?" ती जरा विचारात पडली. मग तिचं समाधान झालं. "बरं झालं मग. झेंड्यांची सावली आसंल. ऊन तरी लागलं नसंल तुला."

"न्हाय लागलं," मी म्हटलं, आणि आत जाऊन हार काढून ठेवला.